हात लावायची परवानगी

मी माझ्या आईचं बोलणं बदलून सांगितलं. शब्द सापडले नाहीत म्हणून नाही, घाईत गोंधळ झाला म्हणूनही नाही. समजून-उमजून, सलग आठ शनिवार, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून बदललं. ती मराठीत एक सांगत होती आणि मी इंग्रजीत दुसरंच. समोर बसलेली बाई ते पेन्सिलीने लिहून घेत होती. आई मधूनमधून माझ्याकडे बघायची. मुलगा इंजिनिअर, अठरा वर्षं परदेशात, त्याचं इंग्रजी चांगलं, तो नीटच सांगत असणार, असं ते बघणं असायचं. इंग्रजी चांगलं होतं खरं. त्यामुळेच कुठे शिवण दिसली नाही.

समोरची बाई अमेरिकन लेखिका होती. कथा-कादंबऱ्या लिहिणारी. आम्ही कॉर्क शहराच्या बाहेर, रेल्वेने पंचवीस मिनिटांवरच्या एका गावात राहतो. चढाच्या रस्त्यावर एकाला एक चिकटून घरं आहेत आणि आमच्यापासून वरच्या अंगाला तिसरं घर तिचं. वय एकोणऐंशी. मूळची अमेरिकेच्या मधल्या भागातली, चहूकडे मका असलेल्या एका लहान गावातली. नवरा कॉर्कचा, बोटींवर काम करणारा. त्याच्याबरोबर चाळिशी उलटल्यावर ती इकडे आली आणि तो गेल्यावरही राहिली. तीन कथासंग्रह, दोन कादंबऱ्या. फार गाजलेली नव्हती, पण गावातल्या पुस्तकांच्या दुकानात तिच्यासाठी खिडकीजवळची एक फळी होती आणि दुकानदार तिच्याविषयी बोलताना आवाज जरा खाली आणायचा.

आमची ओळख तिच्या प्रिंटरमुळे झाली. तो दर दोन महिन्यांनी रुसायचा आणि ती मला हाक मारायची. मी जाऊन तो सुरू करायचो, मग चहा. ऑफिसात आणि मराठी मंडळाच्या गणपतीत मी आवर्जून सांगायचो की एक अमेरिकन लेखिका माझ्या चांगल्या ओळखीची आहे. प्रत्यक्षात मी तिचं दीड पुस्तक वाचलं होतं. एक पूर्ण, एक अर्धं.

त्या दीड पुस्तकात फारसं काही घडत नव्हतं. शाळेच्या बॉयलरवर काम करणारा एक माणूस होता. कोंबड्या सोलण्याच्या कारखान्यातली एक बाई होती. ही माणसं कामावरून घरी यायची, हात धुवायची आणि दिवसभरात काय झालं ते घरच्यांना सांगायची नाहीत. मला ते जरा कंटाळवाणं वाटलं होतं. आता वाटतं, कंटाळा आला असं मी स्वतःला सांगितलं असावं.

ती लिहायची इस्त्रीच्या टेबलावर. स्वयंपाकघरात ते टेबल कायम उघडं असायचं, छातीच्या उंचीला लावलेलं, आणि ती उभ्याने पेन्सिलीने लिहायची. झालेली पानं भिंतीलगतच्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी लावून ठेवायची. मी एकदा विचारलं होतं, हे असं का? ती म्हणाली, सुरुवातीच्या वर्षांत घरात तेवढं एकच टेबल मोकळं असायचं, आणि कामावरून आल्यावर खुर्चीत बसलं की डोळा लागायचा, म्हणून उभ्याने लिहायची सवय झाली. कोणतं काम, हे मी विचारलं नाही. प्रिंटरचा रोलर पुसत होतो.

आणि तिचा एक नियम होता. एखाद्या जिवंत माणसाच्या आयुष्यातून काही घेतलं असेल, तर ते त्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय ती बाहेर पाठवायची नाही. बॉयलरवाल्यालाही तिने म्हणे त्याच्या घरी जाऊन अख्खी कथा वाचून दाखवली होती. तो शेवटी म्हणाला, झडप डावीकडे होती. तिने झडप डावीकडे नेली.

आता आईविषयी. ती अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात आया होती. सव्वीस वर्षं. बाळंतिणींच्या वॉर्डात. फरशा पुसणं, बेडपॅन धुणं, रक्ताच्या चादरी भिजत घालणं, धुऊन वाळवणं, घड्या घालणं. वडील मी चौथीत असताना गेले. त्या नोकरीवर मी शिकलो, आधी अकोल्यात आणि मग पुण्यात. आठवीत शाळेचा एक फॉर्म भरायचा होता, त्यात आईचा व्यवसाय असा रकाना होता. मी 'हॉस्पिटलमध्ये नोकरी' असं लिहिलं. खोटं नव्हतं. वाचणारा काय समजेल ते मला माहीत होतं, एवढंच. पुण्याला गेल्यावर मी माझी वऱ्हाडी बोली वर्षभरात पुसून टाकली आणि 'माय'ची 'आई' केली. लग्नाच्या बोलण्यांत सासरच्या कोणीतरी नर्स का, असं विचारलं, तेव्हा मी मान हलवली. बायकोला लग्नानंतर कळलं. तिने ते लक्षात ठेवलं आहे हे मला ठाऊक होतं.

कॉर्कला आल्यावर तर सोपंच झालं. इथे हॉस्पिटलांमध्ये आपल्याकडच्या नर्स भरपूर. आई हॉस्पिटलात होती म्हटलं की लोक पुढचं स्वतःच भरून घेतात.

गेल्या मे महिन्यात आई पहिल्यांदा आमच्याकडे आली, तीन महिन्यांच्या व्हिसावर. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. आईने आमचे कपडे काढले, आणि कुंपणांवरून तिला वरच्या तिसऱ्या घराच्या दोरीवर चादरी भिजताना दिसल्या. ती सरळ चढ चढून गेली, मागच्या फाटकातून आत शिरली आणि चादरी काढून घरी घेऊन आली. दमट होत्या त्या रेडिएटरवर टाकल्या आणि वाळल्यावर घड्या घालून ठेवल्या. मी ऑफिसातून आल्यावर हे ऐकून घाबरलोच. इथे कुणाच्या मागच्या अंगणात असं न विचारता जात नाहीत, हे तिला सांगत मी चादरींचा गठ्ठा घेऊन लेखिकेकडे माफी मागायला गेलो. आईही मागोमाग आली.

लेखिकेने गठ्ठा घेतला. वरची चादर उचलली, तिची घडी बोटांनी थोडी उघडून पाहिली, पुन्हा मिटली. मग माझ्या माफीकडे लक्ष न देता आईला आत बोलावलं आणि मला म्हणाली, तुझ्या आईला विचार, ती काय काम करायची.

आई म्हणाली, "सरकारी दवाखान्यात आया होती म्हणा, सव्वीस वर्सं."

मी म्हणालो, "शी वॉज अ नर्स."

एवढं साधं होतं ते. विचार करायला वेळ लागला नाही. तीस वर्षांचा सराव होता.

लेखिकेची नजर पुन्हा त्या घडीवर गेली. मग म्हणाली, ती सध्या कामकरी बायकांवर एक पुस्तक लिहिते आहे, बहुतेक शेवटचंच. तुझी आई दर शनिवारी तासभर येईल का? तू मधे बसशील का? आईला मी हे नीट सांगितलं. आई लाजली, हसली, म्हणाली, माह्यात काय लिवाचं हाये बाप्पा. पण निघताना तिने पदर सारखा केला तो वेगळा होता. लेखिकेने तिला आपलं एक जुनं पुस्तक भेट दिलं, पहिलंवहिलं, पातळसं, कडा पिवळ्या झालेलं. आईने वाटेत विचारलं, काय हाये याच्यात? मी म्हणालो, गोष्टी आहेत. घरी आल्यावर ते मी जिन्याखालच्या कपाटात, इथल्या बोलीत प्रेसमध्ये, इस्त्रीच्या मागे ठेवून दिलं.

लेखिकेचा पहिला प्रश्न दर वेळी एकच असायचा: तेव्हा तुझे हात काय करत होते? मनात काय आलं, कसं वाटलं, हे ती विचारायची नाही. हात काय करत होते. आई हे ऐकून खुलायची. ती हातांनीच सांगायची. पदर कमरेला खोचायचा, बादलीत फिनेल, फडकं पिळायचं ते असं, मनगटातून, नाहीतर पाणी कोपरापर्यंत येतं. मी म्हणायचो, सकाळी आल्यावर ती आधी पेशंटचे तक्ते बघायची. आई चादर भिजत घालायचं सांगायची, रक्त असेल तर गार पाण्यात, गरम लावलं की डाग बसतो. मी म्हणायचो, ती इंजेक्शनं तयार ठेवायची. लेखिकेची पेन्सिल मधेच थांबायची. तिची नजर आईच्या मनगटांवर असायची.

मला तेव्हा कळत होतं का? होतं. पण मी स्वतःची समजूत घालायचो की सगळं पुस्तक खोटंच असतं, कादंबरी म्हणजे काय, रचलेलंच, त्यात आया काय आणि नर्स काय.

पाचव्या शनिवारी मुलगी आमच्याबरोबर आली. ती पंधरा वर्षांची, जन्म इथलाच. मराठी सगळं समजतं, बोलते मात्र कॉर्कच्या चालीवर वर-खाली जाणाऱ्या इंग्रजीत. आजी वऱ्हाडीत, नात इंग्रजीत, आणि दोघींचं चाललेलं असायचं. ती कोपऱ्यात मांजराशी खेळत बसली होती.

त्या दिवशी आईने जे सांगितलं ते तिने कोणालाच सांगितलेलं नव्हतं. मलाही नाही.

एकदा भर दुपारी एक बाई बाळंत झाली. मुलगी झाली, पण अंग निळं, आवाज नाही. बाईला रक्त फार जात होतं, म्हणून डॉक्टर, सिस्टर सगळे तिच्याभोवती. मूल कापडात गुंडाळून बाजूच्या टेबलावर ठेवलेलं, गेलं असं समजून. आई तिथे फरशी पुसत होती. पुसता पुसता तिचं लक्ष गेलं, आणि तिला वाटलं की कापड हललं. तिने फडकं खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि त्या मुलीची पाठ आणि तळपाय खरखरीत कापडाने चोळायला लागली. किती वेळ ते तिला आठवत नव्हतं. मूल रडलं. रडल्याबरोबर आईने ते होतं तसं टेबलावर ठेवलं, फडकं उचललं आणि पाठ फिरवून पुसायला लागली. सिस्टर धावत आली, म्हणाली, अहो डॉक्टर, रडलं. सगळ्यांना आनंद झाला. आईने मान वर केली नाही.

"हात लावाची परवानगी नोती मले," आई म्हणाली. "आयानं मुलाले हात लावला आन् काही झालं असतं, तं घरी पाठवलं असतं. तू चवथीत होता. म्हून कोनाले बोलली नाई."

सांगताना तिचे हात चोळत होते. समोर मूल नव्हतं तरी.

आणि मी काय सांगितलं? मी सांगितलं की एक मूल श्वास घेत नव्हतं, ती ड्यूटीवर होती, नर्सना शिकवलेलं असतं तसं तिने त्याला चोळलं, ते रडलं आणि तिने ते परत टेबलावर ठेवलं. परवानगीचं वाक्य मी गाळलं, कारण नर्सच्या तोंडी ते बसतच नव्हतं.

लेखिका ऐकत राहिली. मग तिने विचारलं, मूल रडल्यावर तिने ते परत टेबलावर का ठेवलं? मी म्हणालो, डॉक्टरांनी तिला बोलावलं म्हणून. लेखिकेने हळू मान हलवली, म्हणाली, फार छान. आई तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं तिने समोर काढून ठेवलं होतं, आणि समोरची बाई नुसतं छान म्हणून पेन्सिलीला टोक करायला लागली होती.

उतारावरून परत येताना आई म्हणाली, "तिले काही वाटलं नाई, नाई का?"

वाटलं, मी म्हणालो, तिला फार वाटलं, या लोकांचं दिसत नाही एवढंच. मुलगी आमच्या पुढे चालत होती. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुढे चालायला लागली.

आठव्या शनिवारनंतर लेखिकेने मला पानं दिली. टाइप केलेली, अकरा. नियमाप्रमाणे ती आईला वाचून दाखवायची होती आणि मराठीत वाचणारा मीच होतो. देताना ती म्हणाली की तिचं समाधान नाही. कथेच्या मधोमध काहीतरी मेलेलं आहे. या बाईला कशाची भीती वाटत होती ते तिला सापडलेलं नाही. आणि तिला ते सापडलं नाही, तर ही कथा ती पुस्तकात घेणार नाही.

त्या संध्याकाळी मी आईसमोर ती पानं घेऊन बसलो. पानांत पांढऱ्या कपड्यांतली एक नर्स होती, शांत, हुशार, तिच्या हातात थर्मामीटर होता. मी इंग्रजी ओळींवर नजर ठेवली आणि मराठीत आया वाचली. फिनेल वाचलं. पिळलेलं फडकं वाचलं. टेबलावर परत ठेवलेलं मूल आणि परवानगी नसणं वाचलं. एकदा तिकडे खोटं सांगितलं होतं, आता उलटं फिरून इकडे. आईने स्वतःविषयी कोणी लिहिलेलं काही पहिल्यांदाच ऐकलं होतं. ती मांडी घालून, डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तिने डोळे उघडले.

मग म्हणाली, "बराबर लिवलं तिनं. घान लपवली नाई. मी भेत होती, थेही लिवलं. मले वाटलं तिले समजलंच नाई." आणि जराशाने, "पुढच्या बुधवारी माहं विमान. या शनिवारी तिच्याकडे जाऊन तिचे पाय धरतो."

मी पानं फायलीत ठेवली. ती कथा पुस्तकात येणार नव्हती, आणि आली असती तरी त्यात आई नसती. आई मात्र अकोल्याला परत जाऊन लोकांना सांगणार होती की एका अमेरिकन बाईनं माह्यं खरं लिवलं.

शुक्रवारी मुलगी माझ्याबरोबर कॉर्कहून रेल्वेने परत येत होती. शाळेला सुट्टी लागली होती, ती शहरात मैत्रिणींकडे गेली होती. गाडी खाडीच्या काठाने चालली होती आणि तिने पिशवीतून ते पिवळं पातळ पुस्तक काढलं. इस्त्री शोधताना प्रेसमध्ये सापडलं, म्हणाली. तिने ते दोन दिवसांत वाचून काढलं होतं. तिने मला पहिलं पान उघडून दिलं.

पहिल्या पानावर एक तरुण मुलगी वृद्धाश्रमाच्या मोरीत उभी राहून बेडपॅन विसळत होती. पुस्तकभर तीच होती. लिहायचं स्वप्न असलेली, अकरा वर्षं म्हाताऱ्यांची घाण काढणारी, कुणालाही उचलायची परवानगी नसताना एका म्हातारीला उचलून खिडकीशी नेणारी. मलपृष्ठावर लहान अक्षरांत लिहिलं होतं की लेखिकेने स्वतः हे काम अकरा वर्षं केलं आहे.

मुलीने मला वाचू दिलं. मग तिच्या इंग्रजीत, हळू आवाजात, म्हणाली की हे आजीचंच काम आहे, बाबा. आजीने तिला केस विंचरताना सगळं कधीच सांगितलं होतं, बेडपॅनसकट. आजीला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. मी म्हणालो, मी फक्त थोडं सोपं करून सांगत होतो. पूल आला, गेला. मग ती म्हणाली, उद्या आजीबरोबर मी जाणार आहे, आजी जे बोलेल ते मी तसंच सांगेन. तुला आधी जायचं असेल तर जा.

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

शनिवारी मी एकटा पुढे जाऊ शकलो असतो. लेखिकेला बाजूला घेऊन, दोघांत मिटवून, आईला कळू न देता. रात्रभर मी तेच ठरवत होतो. सकाळी आई नवी साडी नेसून, डब्यात चिवडा भरून दारात उभी राहिली आणि मला कळलं की दोघींपैकी एकीलाच खरं सांगणं हे पुन्हा तेच झालं असतं. आम्ही तिघं गेलो.

आई वाकणार तेवढ्यात मी तिला धरून खुर्चीत बसवलं. इस्त्रीच्या टेबलाजवळ उभा राहिलो आणि लेखिकेला इंग्रजीत सांगितलं. नर्स नाही. आया. काय काय बदललं ते एकेक करून सांगितलं. मूल, फडकं, परवानगी. आई एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होती. लेखिकेने एकदाही मधे तोंड घातलं नाही. माझं झाल्यावर ती म्हणाली, "मला चादरींवरूनच कळलं होतं."

नर्स चादर पलंगावर घालते, ती म्हणाली. कडा आत घेऊन, एका झटक्यात उलगडेल अशी घडी घालणारे हात निराळे. ती घडी तिने स्वतः अकरा वर्षं घातली होती. मग तुम्ही काही बोलला का नाहीत, मी विचारलं. ती म्हणाली, ते सांगायचा हक्क तिचा होता, माझा नव्हता. मला वाटलं कदाचित तिनेच तुला तसं सांगायला सांगितलं असेल. आता तिला सांग, आत्ता, मी इथे आहे तोवर.

मी आईला सांगितलं. तिला समजायला वेळ लागला. मग तिने विचारलं, "मंग तू मले घरी वाचून दाखवलं थे?"

ते मी मनानं वाचलं, मी म्हणालो. कागदावर तसं नाही.

"तुले लाज वाटे माही?"

हो, मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघणं बंद केलं. चिवड्याच्या डब्याचं झाकण तिने दोनदा उघडलं, लावलं. मग लेखिका उठली, आईसमोर येऊन बसली आणि मला म्हणाली, आता फक्त मी सांगते तेवढं सांग. तिने आपली अकरा वर्षं सांगितली आणि मी ती जशीच्या तशी आईला सांगितली. आईने मान वर केली. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तिले विचार, बेडपॅन फिनेलनं धूत होते का तिकडे, का नुसत्या साबनानं?"

मी विचारलं. लेखिका हसली. सोड्याने, म्हणाली, आणि वास जायचा नाही. आई म्हणाली, जातच नाई थो. मग दोघी सुरू झाल्या. तासभर. पिळायचं कसं, जड माणसाला कुशीवर वळवायचं कसं, कोणत्या सिस्टरला कसं सांभाळायचं. मूल परत टेबलावर का ठेवलं ते आईने पुन्हा सांगितलं. या वेळी मी परवानगीचं वाक्य सांगितलं तेव्हा लेखिकेने पेन्सिल खाली ठेवली आणि आईचे दोन्ही हात हातात घेतले. बराच वेळ सोडले नाहीत. मुलगी दाराला टेकून उभी होती. मी एकही शब्द माझा घातला नाही. मी त्या घरात पहिल्यांदा दुभाष्याचं काम करत होतो.

निघायची वेळ झाली तेव्हा आईने डबा लेखिकेच्या हातात दिला आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"तिचं सांगतलं, माह्यं सांगतलं," ती म्हणाली. "आता तुयं सांग."

पुण्याला गेल्यापासून न बोललेल्या बोलीत, आधी तिला आणि मग काहीही न गाळता इंग्रजीत लेखिकेला, मी जे बोललो ते एवढंच होतं:

"माय, चुकलो मी. तू सांगतलं थे मी सांगतलं नाई. तुया कामाची मले लाज वाटे, म्हून मी तुयी दुसरीच बाई केली. परवानगी नसून तू हात लावला, थे पोरगी जगली, आन् थे एवढं एक तुयं होतं, थेही मी तुयापासून घेतलं. लाज माह्यात होती, तुया कामात नोती. माफ कर मले."